बटणांची हजेरी

१

गल्लीत त्याला सगळे बटणमास्तर म्हणायचे. धंदाच तसा होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेमचे कंट्रोलर, ज्यांची मूळ यंत्रं कधीच भंगारात गेली, ते लोक माळ्यावरून काढून त्याच्याकडे आणायचे आणि म्हणायचे, मास्तर, हे आता कॉम्प्युटरला चालेल असं करून द्या. मास्तर तो कंट्रोलर उघडायचा, आतला चिकट मळ खरवडायचा, झिजलेले रबर बदलायचा आणि वर दोन शब्द ऐकवायचा की माणसानं खेळताना खाऊ नये.

जुन्या कंट्रोलरची पिन कॉम्प्युटरला बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो, एवढं कुणालाही माहीत असतं. पण कुठलाही अडॅप्टर कुठल्याही कंट्रोलरला चालतो हा लोकांचा गोड गैरसमज, आणि त्या गैरसमजावरच मास्तरचं पोट चालायचं. ही सोयरीक मोठी अवघड. पिन बसते, दिवा लागतो, सगळं झकास वाटतं, आणि मग वरचं बटण दाबलं की पडद्यावर खालचं दाबलं जातं. काही अडॅप्टर एका दाबाचे दोन दाब मोजतात. काही पहिली दहा मिनिटं गुण्यागोविंदानं नांदतात आणि अकराव्या मिनिटाला ओळखच विसरतात.

म्हणून मास्तरचा एक नेम होता. दुरुस्त झालेला कंट्रोलर टेबलावर घ्यायचा, कॉम्प्युटरवर तपासणीचा पडदा उघडायचा आणि प्रत्येक बटण तीन वेळा दाबायचं. आधी उजवीकडची चार, मग डावीकडची चार, मग वरच्या कडेची दोन, शेवटी मधलं छोटं. दर दाबाला पडद्यावर एक हिरवं टिंब उमटायचं. तीन टिंबं आली की ते बटण हजर. या प्रकाराला तो हजेरी म्हणायचा, आणि हजेरी झाल्याशिवाय एकही कंट्रोलर त्यानं कधी घरी पाठवला नाही.

"दादा, जेवताना घासही तीन-तीनच मोजतोस का रे?" धाकटा भाऊ चिडवायचा.

धाकट्याचं सलून दोन गल्ल्या सोडून होतं. हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. एका सकाळी असंच एक गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं असताना धाकट्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. आधी वस्तरा खाली पडला, मग तो स्वतः. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर वाकड्या जिभेनं त्यानं पहिलं काय विचारलं, तर त्या माणसाला कुठे कापलं तर नाही ना.

कापलं नव्हतं. महिनाभरात जीभ सरळ झाली, पायही चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवावा तिथेच राहायचा.

२

फिजिओथेरपीच्या बाई स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, "अंगठ्याला रोज काम द्या. पाचशे वेळा, हजार वेळा. व्यायाम म्हणून दिलं तर हे आठवड्यात कंटाळतील. यांना आवडेल असं काहीतरी शोधा. पण सहा महिन्यांत आला तर आला, नाहीतर मग आहे त्या हाताशी जमवून घ्यायचं."

त्यातले दोन महिने आधीच गेले होते. आणि धाकट्याला वस्तऱ्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, येऊ नये असंच त्याला वाटायचं. सलूनचं शटर बंद होतं. त्याची बायको शिवणकाम करून घर ओढत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती.

मास्तरनं कपाट उपसलं. दोघे भाऊ लहानपणी खेळायचे तो होडीचा खेळ त्याला सापडला. नदीतून होडी न्यायची, उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं की होडी उडी मारून दगड चुकवते, बस एवढंच. लहानपणी पहिला कंट्रोलर कायम मास्तरकडे, आणि बटण अडकणारा दुसरा धाकट्याच्या नशिबी. पोरगं रडायचं आणि तरी खेळायचं. आता मास्तरनं चांगला, पहिला कंट्रोलर धाकट्याच्या मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांनी.

त्या कंट्रोलरला जुळणारा अडॅप्टर शोधता शोधता मात्र घाम निघाला. खणात सतरा अडॅप्टर होते आणि त्यातल्या सोळांनी नाकं मुरडली. सतरावा एक काळा, जडसा, कोपरा उडालेला. खोक्यात कुणाबरोबर आला होता आठवत नव्हतं. त्यानं मात्र पहिल्या दाबालाच ओळख दिली. त्याला दोन सॉकेट होती आणि बाजूला एक छोटा खटका. खटका डावीकडे असला की दोन कंट्रोलर म्हणजे दोन खेळाडू. उजवीकडे सरकवला की दोन्ही मिळून एकच खेळाडू. कुणीही दाबलं तरी एकच होडी उडणार.

मास्तरनं खटका उजवीकडे सरकवला, अडकणारा दुसरा कंट्रोलर स्वतः घेतला आणि धाकट्याशेजारी स्टुलावर बसला. धाकट्याचा अंगठा बटणावर नुसता पडून असायचा. दगड आला की मास्तर आपल्याकडचं बटण दाबायचा, होडी उडायची, आणि धाकट्याला वाटायचं, काहीतरी झालं. फसवणूक होती, पण त्यामुळे तो रोज दुपारी येऊन बसायचा.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका हौशी माणसाचं खोकं आलं, चाळीस कंट्रोलर, सगळे तातडीचे. मास्तरनं आपला कंट्रोलर उपटून खणात टाकला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्याकडे पाठ करून, कामाच्या टेबलावर जाऊन बसला. धाकट्याला म्हणाला, "आता तू एकटाच प्रयत्न कर. मी इथेच आहे."

खटका तो डावीकडे करायचा विसरला. लक्षात आलं असतं तरी केला नसता म्हणा. दुसऱ्या सॉकेटमध्ये काही नाहीच, तर खटका कुठे का असेना.

३

धाकटा सुधारायला लागला.

आधी पाठीमागून होडीच्या उडीचा आवाज यायला लागला, टुप्, मग बऱ्याच वेळानं पुन्हा टुप्. मास्तर काम करता करता ऐकायचा आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून थांबायचा. मग टुप्, टुप् असं सलग यायला लागलं. आठव्या दिवशी धाकट्यानं उजव्या हाताच्या चिमटीत रुमाल धरून दाखवला. अठराव्या दिवशी चहाचा कप उचलला, रिकामा का असेना. त्याची बायको दारात उभी होती, ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ओढणी तोंडाला लावून रडली.

"दादा, तुमचे उपकार कसे फेडायचे आम्ही," ती म्हणाली.

"माझं काय त्यात," मास्तर म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटलं होतं. पाठ करून बसण्यापलीकडे त्यानं खरोखरच काही केलं नव्हतं.

त्याच दुपारी त्याला सुचलं की अंगठा किती जोरात दाबतोय, किती वेळा दाबतोय ते बाईंना आकड्यात दाखवावं. त्यानं खेळाच्या शेजारी तपासणीचा पडदा उघडला. वरच्या ओळीत पहिलं सॉकेट, खालच्या ओळीत दुसरं. धाकटा खेळत होता. वरच्या ओळीत हिरवं टिंब उमटलं.

खालच्या ओळीतही उमटलं.

मास्तरनं अडॅप्टर हातात घेऊन पाहिला. पहिल्या सॉकेटमध्ये धाकट्याची वायर. दुसरं रिकामं, आत नऊ छोटी भोकं आणि थोडी धूळ. पडद्यावर दगड आला. खालच्या ओळीत टिंब उमटलं, मग वरच्या. टुप्.

"काय झालं रे?" धाकट्यानं विचारलं.

"काही नाही. खेळ तू."

४

बटणमास्तर भुताखेताला भिणारा माणूस नव्हता. मोकळं सॉकेट म्हणजे मोकळ्या तारा, आणि मोकळी तार हवेतलं काहीबाही पकडते, हे त्यानं शंभर वेळा पाहिलं होतं. शेजारी मिक्सर लागला तरी टिंबं येतात. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी, धाकटा यायच्या आधी, सॉकेटच्या सगळ्या तारा आतून एकत्र बांधून टाकल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. आता त्यातून टिंब येणं म्हणजे बुजवलेल्या नळाला पाणी येणं. अर्धा तास पडद्यासमोर बसून राहिला. एकही टिंब नाही. त्याला हायसं वाटलं.

धाकटा आला, बसला, खेळ सुरू केला. पहिलाच दगड आला आणि खालच्या ओळीत टिंब.

मिक्सरला दगड दिसत नाहीत. हे त्याला कळत होतं, पण मान्य करायला तो तयार नव्हता. त्यानं वेळा पाहिल्या. तपासणीचा प्रोग्राम खेळ उघडला की आपोआप मागे चालू व्हायचा आणि प्रत्येक दाबाची वेळ टिपून ठेवायचा, त्यामुळे मास्तरनं कंट्रोलर उपटला त्या दिवसापासूनची सगळी नोंद तिथे पडलेली होती. त्यानं ती सुरुवातीपासून वाचली.

पहिल्या दिवशी वरची ओळ कोरी होती. जे काही होतं ते खालीच होतं. दगडामागून दगड, संथपणे. चौथ्या दिवशी खालच्या टिंबानंतर दोन सेकंदांनी वर एक अर्धवट टिंब. सातव्या दिवशी एका सेकंदानं. मग अर्ध्या. अठराव्या दिवशी दोन्हींत पापणी लवण्याइतकंच अंतर उरलं होतं, पण होतं. आधी खालचं, मग वरचं. मुलाचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेतात, तसं कुणीतरी सावकाश, न कंटाळता करून घेत होतं.

मास्तरनं नोंद बंद केली. वडील असतील असं क्षणभर मनात आलं, पण ते काही पटेना. वडिलांनी उभ्या जन्मात तोंड न वाजवता कुणाला मदत केल्याचं त्याला आठवत नव्हतं. दुसरं कुणी त्याला सुचलं नाही. त्याचं लक्ष धाकट्याशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे गेलं आणि त्यानं नजर फिरवली.

संध्याकाळी उठताना धाकटा लाजत लाजत म्हणाला, "दादा, एक बोलू? राग मानू नकोस. तू माझ्या अंगठ्यावर तुझा अंगठा ठेवतोस ना, आता नाही ठेवलास तरी चालेल. जमतंय मला. आणि तुझे हात फार गार असतात रे."

मास्तर खोलीच्या पलीकडच्या टोकाला, टेबलाशी उभा होता. अठरा दिवस तो तिथेच होता.

"बरं," तो म्हणाला.

५

त्या रात्री तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला आणि सकाळी त्यानं जे केलं त्याची त्याला पुढे कायम लाज वाटली. त्यानं खटका डावीकडे सरकवला. दुसरं सॉकेट खेळापासून तोडून टाकलं. धाकट्याशेजारचं स्टूलही उचलून कोपऱ्यात नेलं. हात आपल्या भावाचा आहे, तर भावानंच हलवावा, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की तो घाबरला होता.

धाकटा आला आणि बसला. पहिला दगड आला, होडी आपटली. दुसरा, आपटली. धाकट्यानं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा बटणावर मेल्यासारखा पडला होता. तिसरा, चौथा. तासाभरानंतर त्याची बायको चहा घेऊन आली, त्यानं सवयीनं उजवा हात पुढे केला आणि कप सरळ फरशीवर गेला.

बायको खाली बसून काचा वेचायला लागली. धाकटा म्हणाला, "गेला वाटतं परत." आवाजात रडणं नव्हतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. शटर विकून टाकू, तो म्हणाला, खुर्चीला गिऱ्हाईक बघू.

मास्तरनं त्यांना घरी पाठवलं आणि एकटा त्या खोलीत बसला. पडद्यावर तपासणीच्या दोन ओळी अजून उघड्या होत्या. वरची कोरी होती. खालची नव्हती. खटका डावीकडे असूनही खालच्या ओळीत टिंबं येतच होती. तीन आली, थांबली. पुन्हा तीन आली. उजवीकडची चार बटणं, मग डावीकडची, मग वरच्या कडेची, शेवटी मधलं छोटं. त्याचीच हजेरी, त्याच्याच क्रमानं.

तो खुर्चीतून उठला नाही. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि रिकाम्या खोलीशी बोलला. अहो-जाहो करावं की अरे-तुरे, इथे अडला. ज्याचं वय माहीत नाही, रूप माहीत नाही, त्याला अरे कसं म्हणायचं?

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही कोण ते मी विचारणार नाही. माझ्या भावाचं तुम्ही फार केलंत. मी करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. उपकार आहेत तुमचे."

आणि खटका उजवीकडे सरकवला. काढून घेतलेलं स्टूल आणून पुन्हा धाकट्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं, आणि आपल्या बाहीनं पुसलं.

६

पुढचे दोन महिने घरात सणासारखे गेले. रुमाल, कप, चमचा, शर्टाची बटणं, कुलपाची किल्ली. फिजिओच्या बाई दर आठवड्याला पकड मोजायच्या आणि आकडा दोनदा तपासायच्या. "मी इतकी वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या, "असा हात परत आलेला मी पाहिला नाही. तुमच्या दादांचे पाय धरा." धाकट्यानं खरोखर पाय धरले, आणि मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कौतुक त्याचं नव्हतं. तो ते घ्यायचा आणि दुपारी रिकाम्या स्टुलासमोर हळूच म्हणायचा, तुमचं आहे हे, मी नुसता पोचवतोय.

त्याला भीती वाटायची, आणि कृतज्ञताही वाटायची, आणि दोन्ही एकाच पोटात राहायला शिकल्या. रोज सकाळी तो खालची ओळ पाहायचा. टिंबं असायची.

मग एक दिवस नव्हती. त्यानं अडॅप्टर हलवला, पिन काढून घातली. धाकटा खेळत होता, टुप् टुप् टुप्, एकाही दगडावर न आपटता. वरच्या ओळीत टिंबांची रांग लागली होती. खालची कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. खटका डावीकडे करून पाहिला, तरी वरची रांग तशीच.

म्हणजे काम झालं, आणि जे आलं होतं ते गेलं, असं मास्तरनं ठरवलं. त्याला चक्क वाईट वाटलं. नीट निरोपही घेतला नव्हता.

त्या दुपारी खेळता खेळता धाकट्याला खुर्चीतच डोळा लागला. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायचा तसा. कंट्रोलर मांडीवरून घसरून सतरंजीवर पडला. मास्तर तो उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

धाकट्याचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. अंगठा हलत होता. लाकडावर तीनदा टेकला, किंचित बाजूला सरकला, तीनदा टेकला, पुन्हा सरकला. उजवीकडची चार. मग डावीकडची चार. धाकट्याला हजेरीचा क्रम माहीत नव्हता. तीन-तीनची थट्टा तो जन्मभर करत आला, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

अंगठा मधल्या छोट्या बटणापर्यंत आला, तीनदा टेकला आणि शांत झाला. धाकटा घोरत होता.

७

सलून उघडायचा दिवस ठरला. शेजारचा चष्मेवाला पाच महिने दाढी वाढवून बसला होता. धाकट्याच्या हातूनच करीन, नाहीतर करणारच नाही, असा त्याचा हट्ट. स्वतःच्याच दुकानातल्या आरशात तोंड बघवत नाही म्हणायचा. सकाळी शटर वर गेलं तेव्हा पायरीवर तोच उभा होता.

"सरक," मास्तर म्हणाला. "आधी मी."

"का म्हणून? पाच महिने मी रांगेत आहे. तुम्हाला दाढी तरी आहे का धड?"

"थोरला आहे मी. मान माझा."

चष्मेवाला कुरकुरत बाकावर बसला. मास्तरला मान नको होता. आदली आख्खी रात्र त्यानं विचार केला होता. भावाला सांगावं, तर त्याचा हात पुन्हा मांडीवर पडणार, आणि या वेळी कायमचा. न सांगावं, तर उद्यापासून त्या हाताखाली लोक डोळे मिटून गळे देणार. त्यातून एकच वाट निघत होती. दुसऱ्या कुणाचा गळा जाण्याआधी आपला.

तो खुर्चीत बसला. धाकट्यानं मानेभोवती कापड बांधलं, कोमट पाण्यानं गाल ओले केले, ब्रशनं फेस केला. हात गार होता. नवं पातं घातलेला वस्तरा धाकट्यानं उजव्या हातात घेतला आणि क्षणभर नुसता पाहत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"दादा," तो म्हणाला, "हे तुझ्यामुळे."

"कर तू," मास्तर म्हणाला. "मान आखडतेय माझी."

वस्तरा कानापासून खाली आला. पहिला पट्टा, दुसरा पट्टा, आणि पातं पुसल्याचा आवाज. मास्तरनं डोळे उघडे ठेवले होते. आरशात त्याला सगळं दिसत होतं. धाकट्यानं त्याची हनुवटी वर केली आणि पातं गळ्यावर टेकवलं.

तेवढ्यात बाहेर काहीतरी आपटलं. धाकट्याची बायको पेढ्यांऐवजी बिस्किटांचा डबा घेऊन आली होती आणि दारात अडखळली होती. धाकट्यानं वळून पाहिलं. नुसती नजर नाही, खांद्यापासून वरचा सगळा तो दाराकडे वळला. "लागलं का गं? अगं बघून चाल ना," तो म्हणाला. ती काहीतरी म्हणाली, चष्मेवाल्यानं त्यावर काहीतरी टोमणा मारला, आणि धाकटा हसला, मान वळवलेली तशीच ठेवून.

हात थांबला नाही.

आरशात मास्तरला तो दिसत होता. भाऊ दुसरीकडे पाहून हसत होता आणि हात त्याचं काम करत होता. गळ्याच्या खोलगट भागात पातं हळूच आडवं झालं, जिथे शीर उडते तिथे दाब कमी केला, कडेनं वळसा घेतला. धाकट्याची दाढी करायची पद्धत मास्तरला पंधरा वर्षं माहीत होती. ही ती नव्हती. ही फार सावकाश होती. आपल्याला अजून सवय नाही, कुठे लागता कामा नये, अशी काळजी त्यात होती. इतक्या जपून मास्तरला आजवर कुणी हात लावला नव्हता. आईनंही नाही.

आरशात, धाकट्याच्या कोपरामागे, खुर्चीच्या उंचीवर काहीतरी काळपट होतं. स्टुलावर कुणी वाकून बसावं तेवढ्या उंचीचं. मास्तरनं तिकडे नीट पाहिलं नाही. पाहायला हवं असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं की नको, ज्यानं एवढं केलं त्याच्याकडे टक लावून बघणं बरं नव्हे. त्यानं डोळे मिटले. पातं अजून गळ्यावर होतं.

"उपकार झाले," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

धाकटा वळला. "काय म्हणालास? अरे, उपकार कसले, वेडा आहेस का. बघ, झालीसुद्धा. मला कळलंही नाही कधी झाली."

पातं बाजूला गेलं. ओला टॉवेल आला, गाल पुसला गेला. मग टॉवेलखालून अंगठा मास्तरच्या गालावर टेकला. एकदा, दोनदा, तीनदा. गार होता. थोडा सरकला, आणि पुन्हा तीनदा.

हजर.

मास्तरच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टॉवेलमध्ये मुरलं. भीतीचं किती आणि कशाचं किती, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

"झालं का? उठा आता," चष्मेवाला बाकावरून म्हणाला. "आणि खरं सांगा हं मास्तर, भाऊ आहे म्हणून नको. माझा गळा आहे हा. हात कसा आहे?"

धाकटा वस्तरा धूत होता. पाठमोरा होता, पण ऐकत होता, त्याचे खांदे ऐकत होते. दारात त्याची बायको डबा छातीशी धरून उभी होती.

मास्तर उठला. खुर्चीवर पडलेले केस त्यानं आपल्या हातानं झटकले, आणि शेजारच्या रिकाम्या जागेला वाट देऊन बाजूला झाला.

"बस," तो म्हणाला. "हात चांगला आहे."